जुन्या होडीला इंजिनाची बैठक

दहा एचपीचे एक आउटबोर्ड इंजिन एका होडीवर लावले की होडी सरळ, शांतपणे पाणी कापत जाते. तेच काढून शेजारच्या तेवढ्याच लांबीच्या होडीवर लावले की आवाज चढतो, पंखा मध्येच मोकळा सुटल्यासारखा किंचाळतो, पेट्रोलची टाकी लवकर रिकामी होते आणि होडी मात्र रेंगाळते. इंजिन तेच, पंखा तोच, खलाशीही तेच. मेकॅनिक प्लग बदलतो, कार्बोरेटर साफ करतो, तरी काही फरक पडत नाही. असे झाले की इंजिनाकडून नजर काढून ते ज्यावर टांगले आहे त्या बैठकीकडे, म्हणजे ब्रॅकेटकडे, पाहावे लागते.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या बाहेर टांगायचे इंजिन. वर यंत्र, मधे उभा दांडा आणि खाली पाण्यात पंखा, असा हा एकसंध जोड असतो. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये असे इंजिन बाजारात आणले, ते जेमतेम दीड एचपीचे होते. ते टांगायला मागे सपाट उभी फळी असलेली वल्ह्याची होडी गृहीत धरलेली होती. या फळीला ट्रान्सम म्हणतात. आजही प्रत्येक आउटबोर्डचा पकड-चिमटा त्याच सपाट फळीच्या हिशेबाने बनतो. कोकणातल्या जुन्या होड्या मात्र त्या हिशेबाने बांधलेल्याच नाहीत. कित्येकींची मागची बाजू नाळेसारखीच, म्हणजे पुढच्या टोकासारखीच, निमुळती असते. काहींना सपाट फळी आहे, पण ती हलक्या इंजिनासाठी घातलेली. काहींची फळी इतकी उंच, की पंखा पाण्यापर्यंत पोचतच नाही. होडी आणि इंजिन यांच्यातली ही विसंगती मिटवणे हे ब्रॅकेटचे काम.

ढकल नेमकी कुठे लागते

पंखा पाणी मागे फेकतो आणि त्याच्या उलट जोराने होडी पुढे जाते, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण पंखा होडीला थेट टेकलेला नाही. त्याचा जोर उभ्या दांड्यातून वर चढतो, चिमट्यात येतो आणि तिथून होडीत शिरतो. या प्रवासात तो मूळ जोरापेक्षा मोठा होतो.

दहा एचपी म्हणजे सुमारे 7,460 वॅट. पंख्याच्या धडपडीत यातली निम्मी शक्ती वाया जाते असे धरू. होडी सहा नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने चालली असेल, तर उरलेल्या शक्तीतून सुमारे 120 किलोची ढकल मिळते. दोन धडधाकट माणसे एकावर एक रेलून ढकलत आहेत असा हा जोर आहे.

आता चिमटा पाहू. तो फळीवर वरून अडकतो. त्याचा खालचा काठ वरच्या काठापासून साधारण 25 सेंटिमीटर खाली फळीला टेकतो आणि पंख्याचा मध्य वरच्या काठापासून जवळजवळ 68 सेंटिमीटर खाली असतो. पहारीने दगड उचकटताना होते तेच इथे होते. पंखा पुढे जाऊ पाहतो, त्यामुळे चिमट्याचा खालचा काठ फळीत रुततो आणि वरचा काठ मागे निघू पाहतो. गणित केले तर खालच्या काठावर सुमारे 325 किलोचा दाब येतो आणि वरच्या काठावर 205 किलोची मागे ओढ. पंख्याची ढकल 120 किलोची, पण फळीला सोसावा लागतो तो हा दाब आणि ही ओढ.

लाटेवर होडी उसळून आदळली की त्यात इंजिनाच्या वजनाचा झटका मिळतो. हे वजनही त्याच दिशेने काम करते. इंजिन फळीच्या मागे लोंबते, म्हणून ते वरचा काठ मागे आणि खालचा काठ पुढे ढकलते. ढकल आणि वजन दोन्ही मिळून जुन्या होडीच्या पाठीला तासन्‌तास पिळत राहतात. रिव्हर्स गिअर टाकला की ढकलीचा हा सगळा हिशेब उलटतो आणि खालचा काठ सुटू पाहतो. म्हणून फक्त वरचे बोल्ट भक्कम ठेवून खालच्यांकडे दुर्लक्ष करणारी बैठक अर्धीच बैठक असते.

उंची: सगळ्यात जास्त चुकणारे माप

पंख्याच्या वर, त्याला छप्पर घातल्यासारखी एक आडवी पट्टी असते. मेकॅनिक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये एवढ्यासाठी ती असते. विहिरीची पातळी उतरून पंपाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की पंप हवा धरतो, मोटर जोरात फिरते आणि पाणी येत नाही. पंखा पृष्ठभागाच्या फार जवळ आला की अगदी तसेच घडते. पाण्याऐवजी हवा-पाण्याचा फेस ढवळला जातो, त्यात पकड नसते, इंजिनाचे फेरे एकदम वाढतात. सुरुवातीला सांगितलेली किंचाळी ती हीच.

पंखा फार खोल गेला तरी नुकसान आहे. दांड्याचा जाड भाग पाण्यात ओढला जातो, वेग मरतो, आणि किनाऱ्यावर येताना पंखा आधी वाळूत घुसतो. इंजिनाच्या डोक्याकडचा भाग पाण्याच्या जवळ आल्याने लाटेचे पाणी यंत्रावर उडते ते वेगळेच.

या दोन टोकांमधली जागा शोधायची तर आधी दांड्याची लांबी माहीत हवी. आउटबोर्ड साधारण तीन मापांत मिळतात: 15 इंची आखूड, 20 इंची लांब आणि 25 इंची जास्त लांब. हे माप चिमट्याच्या आतल्या वरच्या टेकापासून त्या आडव्या पट्टीपर्यंतचे असते, पंख्याच्या टोकापर्यंतचे नव्हे. अनेकांची गफलत इथेच होते. ज्या फळीवर इंजिन बसणार तिची उंचीही तशीच मोजायची: फळीच्या वरच्या काठापासून होडीच्या तळाच्या पातळीपर्यंत सरळ उभी रेषा. फळी तिरकी असेल तर तिरकसावरून मोजू नये.

सपाट मागच्या होडीत आडवी पट्टी तळाच्या पातळीवर किंवा तिच्या थोडी खाली यावी, हा सर्वमान्य नियम आहे. मात्र तो नियम वेगवान बोटींवरून आला आहे. जड, संथ मासेमारी होडीसाठी पट्टी तळाच्या दोन ते पाच सेंटिमीटर खाली ठेवलेली बरी. अशी होडी डुलते जास्त आणि पंख्याला पाण्यात राहण्याची गरज मोठी असते.

╔══════════════════════════════╗
टेप घेऊन मोजायच्या गोष्टी

• होडी पाण्यात, नेहमीचा माल, बर्फ, जाळी आणि माणसे भरून मोजावी. रिकाम्या होडीचे माप फसवते.
• मागच्या फळीच्या काठापासून पाण्यापर्यंत आणि तळापर्यंत, दोन्ही उंच्या लिहून ठेवाव्यात.
• इंजिनाचा दांडा 15, 20 की 25 इंची, हे स्वतः मोजावे. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.
• इंजिन पूर्ण वर उचलले तर त्याचे डोके आत किती येते आणि कशाला लागते, ते पुठ्ठा कापून तपासावे.
• हँडल धरून बसायची जागा आणि ब्रॅकेटचा शेवट, यांतले अंतर हाताच्या आवाक्यात आहे का ते पाहावे.
╚══════════════════════════════╝

मागे किती सरकवायचे

ब्रॅकेट म्हटले की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे मागे दोन-अडीच फूट बाहेर आलेली ॲल्युमिनियमची पेटी येते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात जुन्या, जलद मासेमारी बोटींवर अशा पेट्या लावल्या जातात, आणि तिथे त्यांचा फायदा खरा आहे. बोट वेगाने धावू लागली की पाण्यावर उचलली जाते. तळ संपतो तिथून सुटलेले पाणी मागे थोडे वर चढते. त्या चढत्या, स्वच्छ पाण्यात पंखा आला तर चांगली पकड मिळते. म्हणून तिथे दर फूटभर मागे सरकण्याला इंजिन सुमारे एक इंच वर घेण्याचा ठोकताळा आहे. शिवाय इंजिनासाठी खाली कापलेली फळी पुन्हा पूर्ण उंचीची करता येते आणि मागून येणारी लाट आत शिरत नाही.

हा ठोकताळा जशाच्या तशा रूपात कोकणातल्या संथ होडीला लावणे चूक आहे. पाण्याला टेकणारी लांबी 18 फूट असलेली, पाणी बाजूला सारत चालणारी होडी सुमारे पावणेसहा नॉटच्या आसपास अडकते. तिने उठवलेली लाट तिच्याच लांबीएवढी होते आणि त्यापुढे होडीला स्वतःच्या लाटेचा चढ चढावा लागतो. अशी होडी पाण्यावर उचलली जात नाही. मागे चढणारे पाणी नाही, म्हणून इंजिन वर घेण्याचा फायदाही नाही.

तोटा मात्र लगेच मिळतो. समजा होडी लाटांत पाच अंशांनी पुढे-मागे डुलते. मध्यापासून तीन मीटर मागे असलेला पंखा त्यात सुमारे 26 सेंटिमीटर वर उचलला जातो. तो साडेतीन मीटरवर नेला तर 30 सेंटिमीटर. हे चार-पाच सेंटिमीटर पंख्याला हवा धरायला लावायला पुरेसे असतात.

दुसरा तोटा पाठीवरच्या भाराचा. पाण्याने भरलेली बादली छातीशी धरली तर चालते, हात ताणून धरली तर खांदा भरून येतो, वजन तेच असूनही. 50 किलोच्या इंजिनाचा भार-मध्य चिमट्याच्या 20 सेंटिमीटर मागे असेल तर फळीवर 10 किलो-मीटरचा पीळ येतो. तेच इंजिन अर्धा मीटर लांब ब्रॅकेटवर टांगले की पीळ 35 किलो-मीटर होतो, साडेतीनपट. ज्या जुन्या फळीने इतकी वर्षे 35-40 किलोचे टू-स्ट्रोक इंजिन निभावले, ती 50 किलोचे फोर-स्ट्रोक आणि वर ही साडेतीनपट ओढ निभावेलच असे धरून चालू नये.

संथ होडीला म्हणून ब्रॅकेट शक्य तेवढे आखूड असावे. इंजिन पूर्ण वर उचलता यावे, सुकाणू किंवा जाळे ओढायची जागा अडू नये आणि दांडा हवा त्या खोलीवर यावा, एवढ्यापुरते मागे सरकणे रास्त आहे. त्यापलीकडचा प्रत्येक इंच पाठीला महागात पडतो.

एक साधी चाचणी ब्रॅकेट बनवायच्या आधी करता येते. अर्धा मीटर मागे टांगलेले इंजिन आणि ब्रॅकेट मिळून 60 किलो होणार असतील, तर होडीच्या आतल्या मागच्या टोकाला सुमारे 70 किलो रेतीची पोती ठेवावीत. बाहेर लोंबणाऱ्या वजनाचा परिणाम आतल्या वजनापेक्षा जास्त असतो, म्हणून हे वरचे दहा किलो. मग तांडेल आणि खलाशी त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून होडी पाण्यात पाहावी. मागचा काठ किती खाली गेला, आतले पाणी बाहेर जायची भोके बुडाली का, नाळ वर उचलली का, हे पाच मिनिटांत डोळ्यांना दिसते. नको असलेले दिसले तर रेती उतरवता येते. वेल्डिंग केलेले ब्रॅकेट उतरवणे तेवढे सोपे नसते.

पाण्यात बुडणारी पेटी

मागे बाहेर आलेल्या बंद पेटीच्या ब्रॅकेटला एक गुण आहे: ती तरंगते. 60 सेंटिमीटर रुंद, 50 लांब आणि 25 उंच पेटी पूर्ण बुडाली तर 75 लिटर पाणी बाजूला सारते आणि खाऱ्या पाण्यात सुमारे 77 किलोची उचल देते. निम्मी बुडाली तर निम्मी. फोर-स्ट्रोकचे वाढीव वजन अशाने बऱ्याच अंशी झेलले जाते. पण ती पेटी खरोखर पाणीबंद असली तरच. जोडातून हळूहळू पाणी भरले की आधार देणारी पेटी ओझे होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून तळाशी निचऱ्याचे बूच असावे आणि होडी वर ओढली की ते उघडून पाहायची सवय असावी. सहा-सात मीटरच्या संथ होडीला ही पेटी सहसा जरुरीपेक्षा जास्त असते. उंच पाठीच्या, अधिक एचपीच्या फायबर बोटीला ती शोभते.

उचलणारे ब्रॅकेट हा आणखी एक प्रकार. त्यात दोन समांतर भुजांच्या जोड्या आणि स्प्रिंग असते. इंजिन वर-खाली सरकते, पण उभे सरळच राहते. आत डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या नौकेवर अडचणीच्या वेळचे छोटे आउटबोर्ड ठेवायला ते उत्तम. मुख्य, रोजच्या इंजिनाला ते टाळावे. त्याच्या भुजांच्या पिना झिजतात, आणि जुन्या स्प्रिंगा बहुधा हलक्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या वजनाला जुळवलेल्या असतात. खरेदी करताना त्यावर लिहिलेले किलो आणि एचपी असे दोन्ही आकडे वाचावेत. कोणताही एक ओलांडला तरी ते चालणार नाही.

दोन्ही टोके निमुळती असली तर

लाकडी होडीला मागे फळीच नसेल तर इंजिन एका बाजूला टांगावे लागते. दोन्ही कडांवर आडवा वासा टाकायचा, तो एका बाजूला थोडा बाहेर काढायचा, आणि त्याला इंजिन धरणारी उभी फळी जोडायची, ही सुताराची ठरलेली रीत आहे. खर्च कमी आणि दुरुस्ती किनाऱ्यावरच होते. पण वर काढलेला 325 किलोचा आकडा इथे आठवावा. सपाट ट्रान्समवर चिमट्याचा खालचा काठ टेकायला पूर्ण फळी असते. इथे उभ्या फळीच्या खालच्या टोकापुढे मोकळे पाणी असते. त्यामुळे फळी खालून पुढे आणि वरून मागे वळते आणि वासा पिळला जातो. उपाय एकच: उभ्या फळीच्या खालच्या टोकापासून पुढे, होडीच्या कडेपर्यंत एक तिरका टेकू द्यायचा, आणि तो नुसत्या बाहेरच्या फळीवर न टेकवता आतल्या वांकावर, म्हणजे होडीच्या बरगडीवर, येईल असा बसवायचा. फळी ही होडीची कातडी आहे. जोर सोसायचे काम हाडांकडे द्यावे.

बाजूला टांगलेले इंजिन होडीला वळवतही असते. पंखा मध्यरेषेपासून पाऊण मीटर उजवीकडे असेल तर 120 किलोची ढकल नाळेला सतत डावीकडे फिरवते, आणि हँडल धरणाऱ्याला सगळा वेळ ती चूक सुधारत बसावे लागते. म्हणून वासा बाहेर काढताना पंखा होडीच्या अंगाला लागणार नाही एवढेच अंतर ठेवावे. हातभर जास्त काढण्यात काही शहाणपण नाही.

उलांडीच्या होडीत हा मुद्दा आणखी रंजक होतो. उलांडी म्हणजे एका बाजूला दोन वाशांवर बांधलेला तरंगता ओंडका. तो पाण्यात घासतो, म्हणून नाळ उलांडीच्या बाजूला ओढली जाते. इंजिन उलट बाजूला लावले तर त्याची ढकलही नाळेला उलांडीकडेच वळवते, आणि दोन्हींची बेरीज होते. इंजिन उलांडीच्याच बाजूला, पण ओंडक्याच्या बरेच मागे लावले, तर ढकल आणि घासण्याची ओढ एकमेकांना काटतात. जाळे ओढायची मोकळी बाजूही त्यामुळे मोकळी राहते. मात्र लाटेने होडी उलट बाजूला कलंडली की पंखा वर येतो, म्हणून अशा जागी इंजिन बोटभर खोल ठेवावे.

आधी पाठ ठोकून पाहावी

नव्या ब्रॅकेटने जुनी कुजलेली फळी मजबूत होत नाही. उलट तिचा शेवट जवळ येतो. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्याआधी होडीची पाठ तपासावी.

फायबरच्या जुन्या होडीत ट्रान्समच्या आत बहुधा प्लायवूडचा थर असतो, वरून-आतून फायबरने झाकलेला. एखाद्या जुन्या बोल्टच्या भोकातून पाणी झिरपले की प्लायवूड आतून सडते आणि बाहेरून सगळे चकचकीतच दिसते. प्लास्टिकच्या किंवा लाकडी हातोडीने फळीवर इंचाइंचाने ठोकत जावे. चांगल्या जागी टणक, खणखणीत आवाज येतो. सडलेल्या जागी पिकल्या कलिंगडासारखा बद्द. आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारत गेले की सडलेल्या भागाचा नकाशाच तयार होतो.

दुसरी परीक्षा आहे त्या इंजिनाचीच मदत घेऊन करता येते. होडी जमिनीवर असताना इंजिन पूर्ण वर उचलावे. एकाने खालचा पंख्याकडचा भाग धरून वर-खाली दाबावा आणि दुसऱ्याने फळीच्या वरच्या काठावर बोट टेकवून बसावे. बोटाखाली फळी हलत असेल, कोपऱ्यात केसासारखी चीर उघडत-मिटत असेल, तर ट्रान्सम गेला असे समजावे. खात्री करायची तर आतल्या बाजूने, पाण्याच्या रेषेवर, बारीक ड्रिलने एक भोक पाडावे. कोरडा, फिका भुसा आला तर चांगले. काळा, ओला, बोटाने गोळी होणारा भुसा आला तर आधी ट्रान्सम बदलावा, ब्रॅकेटचे नंतर पाहावे. पाडलेले भोक इपॉक्सीने बंद करायला विसरू नये.

लाकडी होडीत स्क्रूड्रायव्हरचे टोक बोलते. वासा कडेला बसतो तिथे, खिळ्यांच्या भोवती आणि पठाणाच्या, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याच्या, मागच्या टोकाशी ते दाबून पाहावे. सागात किंवा ऐनात ते सहज शिरले तर लाकूड संपले आहे.

खारे पाणी आणि धातू

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि खाऱ्या पाण्यात बुडाले की त्यांची एक छोटी बॅटरी बनते. तिच्यात एक धातू झिजत जातो आणि दुसरा वाचतो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या जोडीत बळी ॲल्युमिनियमचा जातो, आणि आउटबोर्डचा पाय ॲल्युमिनियमचाच असतो. म्हणून स्टीलच्या ब्रॅकेटवर चिमटा थेट बसवू नये. मधे कडक लाकडाचा किंवा नायलॉनचा जाड तुकडा असावा. बोल्टखालीही नायलॉन वॉशर घालावेत.

ब्रॅकेट कशाचे, याला चार उत्तरे आहेत. बाजारात स्टेनलेस म्हणून मिळते ते बहुधा 304. खाऱ्या हवेत त्यावर तांबूस डाग पडतात आणि पुढे बारीक खड्डे होतात. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे ते समुद्रात बरेच जास्त टिकते. किंमत वाढते, पण बोल्टांसाठी तरी 316 च घ्यावे. समुद्री दर्जाचे 5083 ॲल्युमिनियम हलके आणि टिकाऊ असते, पण ते चांगले वेल्ड करणारा कारागीर हवा. त्यावर तांबे असलेला तळाचा रंग कधीही लावू नये, तो ॲल्युमिनियम खातो. साधे लोखंड वापरायचे तर सगळे कापून, भोके पाडून, वेल्डिंग करून मगच गरम जस्तात बुडवून काढावे. नंतर एक भोक पाडले तरी तिथून गंज सुरू होतो. बंद पाइप बुडवायचा असेल तर त्याला आधी वाट ठेवलेली भोके हवीतच, नाहीतर आत अडकलेली वाफ जस्ताच्या भट्टीत पाइप फोडते. लाकडी ब्रॅकेट जुन्या लाकडी होडीला आजही सर्वांत मानवते. ते होडीबरोबर लवते आणि गावचा सुतार ते एका दिवसात बदलतो.

धातूचे ब्रॅकेट पाण्यात बुडत असेल तर त्याला जस्ताची एक वडी बोल्टने जोडावी. ब्रॅकेटऐवजी ती झिजते. त्या वडीवर रंग मारला तर तिचे काम थांबते. निम्मी झिजली की बदलावी.

भोके आणि बोल्ट

ब्रॅकेट फळीला आरपार बोल्टनेच बसवायचे, स्क्रूने नव्हे. वरच्या आणि खालच्या बोल्टांमधले उभे अंतर जितके जास्त, तितकी प्रत्येकावरची ओढ कमी. वर काढलेल्या 35 किलो-मीटरच्या पिळाला बोल्ट 15 सेंटिमीटर अंतरावर असतील तर वरच्या जोडीवर सुमारे 230 किलोची ओढ येते, 30 सेंटिमीटरवर निम्मी. हे नुसते उभे असताना. लाटेचे झटके आणि पंख्याची ढकल त्यावर वेगळी. आतल्या बाजूला नुसता वॉशर पुरत नाही. दोन-तीन बोल्टांना एकत्र धरणारी रुंद प्लेट असावी, म्हणजे नट फळीत रुतत नाही.

प्लायवूड असलेल्या फळीत भोक पाडताना आधी ते थोडे मोठे पाडावे, इपॉक्सीने पूर्ण भरावे, वाळू द्यावे आणि मग त्यातून बोल्टच्या मापाचे भोक पाडावे. असे केले की बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार होते आणि पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. वर पॉलियुरेथेन सीलंट लावावे. पाण्याखालच्या जोडाला सिलिकॉन भरवशाचे नाही. जुनी, वापरात नसलेली भोकेही याच वेळी बुजवावीत. ब्रॅकेटचे सगळे कोपरे गोल घासून घ्यावेत. टोकदार कोपरा जाळे पकडतो, आणि रात्री जाळे सोडवायला पाण्यावर वाकलेल्या माणसाला लाटेचा एक धक्का पुरतो.

याच कारणाने हँडल आणि इंजिन चालू करायची दोरी हाताच्या टप्प्यात हवी. लांब ब्रॅकेटवर दोरी ओढताना माणूस होडीच्या काठाबाहेर झुकतो. असे होत असेल तर हँडलला लांबवणारी दांडी जोडावी किंवा ब्रॅकेट आखूड करावे. धोक्याच्या वेळी इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी रोज बांधावी. चिमट्याचे स्क्रू थरथरून सैल होतात, म्हणून इंजिनाला एक वेगळी साखळीही होडीच्या भक्कम कडीला अडकवून ठेवावी. ब्रॅकेट तुटले तरी इंजिन समुद्राच्या तळाशी जात नाही.

नवे ब्रॅकेट बसवल्यावर पहिले दहा तास चालवून सगळे नट पुन्हा आवळावेत. सीलंट आणि लाकूड दबते, त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत ते हमखास सैल होतात. त्याच वेळी आतल्या प्लेटच्या कडेने बोट फिरवावे. बोट ओले झाले, तर त्या बोल्टातून पाणी आत येऊ लागले आहे, आणि होडी पुन्हा पाण्यात घालण्याआधी तो काढून नव्याने बसवावा.